मागच्या पडवीतलं मिलिंग मशीन: ऑर्डरपासून तान्ह्या पोळ्यापर्यंत

ड्रिल मशीनला एंडमिल, म्हणजे बाजूनेही कापणारा मिलिंगचा कटर, लावू नका. हे मला आधी तिघांनी सांगितलं होतं आणि तरी मी लावली.

१७ सप्टेंबर २०२३, रविवार. गणपती दोन दिवसांवर आलेले, घरात साफसफाई चाललेली, आणि मी मागच्या पडवीत ड्रिल मशीनच्या टेबलावर क्रॉस व्हाइस (दोन दिशांना सरकणारा शिकंजा) बसवून पितळेच्या ठोकळ्याला खाच पाडत होतो. ड्रिलचा चक, म्हणजे ड्रिल धरणारी पकड, नुसत्या टेपरच्या (निमुळत्या दांड्याच्या) घट्टपणावर वर धरलेला असतो. खाली दाबताना तो आणखी घट्ट बसतो, पण बाजूने रेटा आणि थरथर मिळाली की सुटतो. माझा सुटला. फिरता चक कटरसकट टेबलावर पडला, दोन उड्या मारल्या आणि माझ्या डाव्या चपलेचा अंगठा कापून गेला. पायाचा अंगठा वाचला. बायकोने झाडू हातात धरून एवढंच विचारलं, "याचं खरं मशीन केवढ्याला येतं?" फिरत्या कटरखाली धातू सरकवून कापणारं मिलिंग मशीन विकत घ्यायची ती परवानगी होती की टोमणा होता, हे मी आजवर विचारलेलं नाही.

मी पेशाने हिशेबनीस आहे. यंत्रांचं वेड वडिलांकडून आलं. ते नागपूरच्या मोतीबागला रेल्वेच्या छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, वर्कशॉपमध्ये फिटर होते. नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन २०१५ मध्ये बंद झाली तेव्हा ते कधीचेच रिटायर झालेले होते, तरी दोन दिवस नीट जेवले नाहीत. त्यांच्यासोबत बसून टेबलावर मावेल असं उभं स्टीम इंजिन करायचं हा माझा बेत होता. सिलिंडरचा ठोकळा आणि त्यावर वाफेची झडप सरकते ती सपाटी कानशीने मला जमेना. वडिलांना जमते, पण आता त्यांचे हात थरथरतात.

ऑक्टोबर सगळा निवडण्यात गेला. आधी हिंगणा एमआयडीसीत एका जॉबवाल्याकडे गेलो. वाटलं, आपण कशाला मशीन घ्या, काम बाहेरून करून आणू. माणूस भला. पण माझा एक ठोकळा म्हणजे त्याच्यासाठी अर्धा तास सेटिंग आणि पाच मिनिटं काम. तिसऱ्या खेपेला तोच म्हणाला, "भाऊ, तुम्ही सेकंड हँड मशीन काहून नाही घेत?" आणि शेजारच्या शेडमधलं एचएमटीचं जुनं एफएन-टू मिलिंग मशीन दाखवलं. काय मशीन! हँडल फिरवलं तर लोण्यातून सुरी गेल्यासारखं टेबल सरकलं. किंमत माझ्या बजेटच्या आसपासच होती. वडिलांनी मशीनवरून हात फिरवला आणि विचारलं, "याले ठेवशील कुठं?"

वजन टनांत. मानेवाड्यातल्या आमच्या घराची मागची बोळ सव्वातीन फूट. शिवाय त्याला थ्री फेज वीज लागणार. महावितरणकडे चौकशी केली. अर्ज ऑनलाइन करता येतो. ग्राहक क्रमांक आणि मंजूर भार बिलावरच छापलेला असतो, तो आधी बघून ठेवा. वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट परवानाधारक ठेकेदाराकडून घ्यावा लागतो, मग डिमांड नोट येते, ती भरायची. हे सगळं होण्यासारखं होतं. बोळ रुंद होण्यासारखी नव्हती.

मग छोटी मशीनं पाहायला लागलो. यात एक गोष्ट मला कुणी सांगितली असती तर पंधरा दिवस वाचले असते. स्वस्तात मिळणाऱ्या काही मिल-ड्रिलचा (मिलिंग आणि ड्रिलिंग दोन्ही करणाऱ्या मशीनचा) उभा खांब गोल असतो. दिसायला दणकट. पण लांब ड्रिल काढून आखूड कटर लावायचा म्हणून डोकं वर-खाली केलं की ते खांबाभोवती किंचित फिरतं, आणि आधी शोधून ठेवलेला मध्य हरवतो. प्रत्येक वेळी पुन्हा डायल (मिमीचा शंभरावा भाग दाखवणारं काट्याचं मापक) लावायची. म्हणून खांब चौकोनी, डव्हटेलचा (डोकं तिरक्या कडांच्या खाचेत सरळ सरकेल असा) हवा, एवढं एक पक्कं केलं. त्या वर्गात माझ्या पडवीला झेपणारं एकच डिझाइन होतं. चिनी बनावटीचं, जगभर एक्स-टू नावाने ओळखतात ते, आणि विकणारे त्यावर आपापले रंग आणि आपापली नावं चढवतात. टेबल ३९० गुणिले ९२ मिमी, सरकण आडवी २२० आणि पुढे-मागे १०० मिमी, स्पिंडलला (कटर धरून फिरणाऱ्या दांड्याला) एमटी-थ्री, म्हणजे मोर्स नंबर तीनचा टेपर, सिंगल फेज. वजन साठ किलोच्या आत, म्हणजे दोन माणसं उचलतील.

परराज्यातल्या एका आयातदाराकडून कोटेशन मागवलं. ७८,००० रुपये, वर १८ टक्के आयजीएसटी १४,०४०, एकूण ९२,०४०. अर्धे आगाऊ. २ डिसेंबरला पैसे भरले, "तीन आठवडे" असं फोनवर सांगितलं गेलं. तीन आठवडे फोनवर सांगतात, कोटेशनमध्ये लिहीत नाहीत. तुम्ही लिहून घ्या. मी दर सोमवारी फोन करायचो आणि तिकडून दर सोमवारी "कंटेनर पोर्टवर आहे" असं उत्तर यायचं. शेवटी माल २२ जानेवारी २०२४ ला निघाला. बिल माझ्या नावावर, माझा जीएसटी नंबर नाही. तरी माल पन्नास हजारांच्या वरचा आणि राज्याबाहेरून येणारा असल्याने ई-वे बिल लागतं. ते विकणाऱ्यानेच काढायचं असतं. त्याची प्रत आणि बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्या, कारण ट्रान्सपोर्टवाला बिल्टी नंबराशिवाय फोनवर बोलतच नाही.

बिल्टीवर "गोडाऊन डिलिव्हरी" लिहिलेलं होतं, ते मी वाचलंच नव्हतं. म्हणजे वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामातून आपणच उचलायचं. २९ तारखेला अर्ध्या दिवसाची रजा टाकून छोटा हत्ती घेऊन गेलो. पेटीचा एक कोपरा चेपलेला. हमाल म्हणाला, "सही करा साहेब, लंच होईल." इथे माझ्यातला हिशेबनीस कामी आला. आधी चारही बाजूंनी फोटो काढले, बिल्टीच्या दोन्ही प्रतींवर "पेटी फुटलेल्या अवस्थेत मिळाली" असं लिहिलं आणि मगच सही केली. घरी पेटी उघडली तर एका हँडलची मूठ मोडलेली. त्या एका ओळीमुळे नवी मूठ फुकट मिळाली, पाच आठवड्यांनी का होईना. भाडं २,१५०, हमाली ६००.

मशीन पडवीत ठेवलं तेव्हा मला लग्नघरासारखं वाटत होतं. वडिलांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला, टेबल डावी-उजवीकडे हलवलं, खालून बोट फिरवून बघितलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. लालसर ग्रीस आणि त्यात चकाकणारी बारीक कचकच.

"हे मशीन नाही बापू. हा मशीनचा कच्चा माल हाय. खोल सगळं."

मी म्हटलं, "बाबा, नवीन आहे. एकदा चालवून तर बघू."

"हाव, चालव ना. मग ही रेती आतमध्ये पॉलिश करंल."

फेब्रुवारीचे चारही रविवार खोलण्यात गेले. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो, स्क्रू आइस्क्रीमच्या डब्यांत, डब्यावर चिठ्ठी. डिझेल आणि रंगाच्या ब्रशने धुतलं. ओतकामातली वाळू स्क्रूच्या भोकांतून निघत होती. टेबलाच्या टी-स्लॉटच्या (क्लॅम्प अडकवायच्या खाचांच्या) कडांना राहिलेली धातूची बर इतकी धारदार की माझं बोट दोनदा कापलं. वडिलांनी गिबच्या पट्टीला (सरकत्या भागातली फट भरणाऱ्या पट्टीला) मार्किंग ब्लू, म्हणजे कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग, लावून सरकवली आणि मला दाखवलं: पट्टी फक्त दोन टोकांना टेकत होती, मधे कोरी. ती काचेवर बारीक एमरी पेपर ठेवून घासायची, पुसायची, पुन्हा निळं लावायचं. पहिल्या दिवशी मला त्यातलं काही कळलं नाही. तिसऱ्या रविवारी निळे ठिपके पट्टीभर पसरलेले दिसायला लागले आणि टेबल एका बोटाने सरकलं. गिबचे स्क्रू किती आवळायचे याला आकडा नाही. हँडल जड व्हायला लागेपर्यंत आवळायचं, मग केसभर मागे यायचं.

दरम्यान स्टँड वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला, ५० मिमीच्या अँगलचा, भिंतीला बोल्ट मारून. ५,४०० रुपये. आणि हत्यारं. इथे बहुतेक सगळे फसतात, मीही फसलो. मशीनच्या किमतीवर बजेट संपवलं, आणि नुसतं मशीन म्हणजे शोभेची वस्तू. इतवारीच्या लोहा ओळीत तीन चकरा झाल्या. हौसेने चार इंची व्हाइस आणला. तो टेबलापेक्षा रुंद निघाला आणि उंचीही खाऊन बसला. बिल जपून ठेवलं होतं म्हणून दुकानदाराने तीन इंची बदलून दिला. व्हाइस ६,८००, ईआर-३२ कोलेट चक (कटर धरणारी पकड) आणि कोलेटचा संच ४,९००, क्लॅम्पचा संच ३,६००, डायल आणि मॅग्नेटिक स्टँड २,७००, एंडमिल ३,१००, व्हाइसमध्ये तुकड्याखाली ठेवायच्या पॅरलल पट्ट्या १,९००. झाले २३,०००. सुरुवातीला कार्बाइडच्या महागड्या कटरच्या नादी लागू नका. एचएसएसच्या (हाय स्पीड स्टीलच्या) ६, १० आणि १२ मिमीच्या एंडमिलवर माझी आजही नव्वद टक्के कामं होतात, आणि मोडली तरी जीव कळवळत नाही.

मार्चमध्ये ट्रॅमिंग. स्पिंडल टेबलाला काटकोनात आहे का, ते तपासायचं. स्पिंडलमध्ये डायल अडकवायची आणि हाताने वर्तुळात फिरवायची. २०० मिमीच्या वर्तुळात डावी-उजवीकडे ०.१८ मिमीचा फरक आला. तो खांबाचा मोठा नट सैल करून, रबरी हातोडीने हळू ठोकत, दोन संध्याकाळींत ०.०२ वर आणला. नट आवळताना खांब पुन्हा हलतो, तेव्हा थोडा उलट्या दिशेला चुकवूनच आवळायला शिकावं लागतं. पुढे-मागे ०.११ चा फरक होता आणि तिथे स्क्रूच नाही. पुढच्या बाजूला डायल जास्त दाबली जात होती, म्हणजे खांब पुढे झुकलेला. पायाच्या पुढच्या आणि मागच्या बोल्टमध्ये अंतर ९० मिमी. २०० ला ०.११ तर ९० ला किती? त्रैराशिक. ०.०५. फीलर गेजचं ०.०५ चं पान कापून पुढच्या दोन बोल्टांखाली घातलं. नोकरीतलं गणित मशीनवर इतकं सरळ उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

९ एप्रिलला, गुढीपाडव्याला, धातूचा पहिला किस निघाला. अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, १० मिमीचा कटर. वडिलांनी हळद-कुंकू लावलं आणि लगेच ते कुंकू टेबलावर सांडलं म्हणून मलाच पुसायला लावलं. टेबलाच्या स्क्रूत बॅकलॅश (सैलपणा) जवळजवळ ०.३ मिमी होता, म्हणून कटरच्या फिरण्याच्या उलट जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, सरकवायचा, नाहीतर कटर जॉबला आपल्याकडे ओढून घेतो. लोखंडाला वेग कमी: १० मिमीच्या एचएसएस कटरला मी ८०० आरपीएम धरतो.

बारा दिवस सुखात गेले.

२१ एप्रिलला, बोटाला मतदानाची शाई तशीच होती, मला लोखंडी पट्टी सपाट करायची घाई झाली. ५० मिमीचा फ्लायकटर लावला. फ्लायकटरला एकच पातं, ते प्रत्येक फेरीला एकदा आपटतं. मी खोलीही जास्त दिली. खट् असा आवाज आला, स्पिंडल थांबला आणि मोटर मोकळी झाल्यासारखी कोकलायला लागली. झाकण उघडलं. आतल्या प्लॅस्टिकच्या गिअरचे तीन दात साबणाच्या चुऱ्यासारखे तळाशी पडलेले. या डिझाइनची ही ठाऊक असलेली कमजोरी, मीही वाचली होती. वाचलेलं आणि झालेलं यांत तीन दातांचं अंतर असतं.

विक्रेत्याकडे सुटा गिअर नव्हता, "आला की कळवतो." परदेशात बेल्ट ड्राइव्हचे तयार संच मिळतात, पण ड्युटी आणि कुरिअर धरून रक्कम मूळ किमतीच्या दुपटीला गेली. मग हिंगण्याच्या त्याच जॉबवाल्याकडे ग्राफपेपरवर चित्र घेऊन गेलो. दातांचा टायमिंग बेल्ट की लांबीभर खाचांचा पॉली-व्ही पट्टा, यावर मी आठवडाभर घोळ घातला. निकाल वडिलांनी एका वाक्यात लावला: "जो घसरंल तो पट्टा घे. दात मोडण्यापेक्षा पट्टा घसरलेला बरा." वॉशिंग मशीनमध्ये असतो त्या जे सेक्शनचा पट्टा ठरला, दोन खाचांत २.३४ मिमी अंतर. अ‍ॅल्युमिनियमच्या सळीतून दोन पायऱ्यांच्या पुली त्याने लेथवर काढून दिल्या. पहिली पुली अर्धा मिमीने सैल झाली, ती त्याने स्वतःहून टाकून दुसरी केली. सगळं मिळून ४,१०० रुपये आणि साडेपाच आठवडे. आता आवाज इतका कमी आहे की दुपारी शेजारच्या काकू झोपलेल्या असतानाही चालवतो. तोटाही सांगतो: गिअरच्या लो रेंजची ती हळू आणि जोरकस ओढ गेली. मोठ्या ड्रिलला आता पट्टा घसरतो, मग टप्प्याटप्प्याने भोक वाढवावं लागतं.

याच काळात मे महिना. ज्यांनी नागपूरचा मे पाहिलाय त्यांना पडवीचं वर्णन नको. ३० तारखेला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, मग कळलं की सेन्सरच बिघडला होता. आमच्या घरी त्यावरून एकच चर्चा: डायल झिरो केली होती का? पण खरा त्रास उन्हाचा नव्हता, कूलरचा होता. मशीन पट्ट्याविना पडून होतं आणि मी संध्याकाळी तिथेच कूलर लावून बसायचो. एका सकाळी कापड उचललं तर टेबलावर नारिंगी ठिपके, आणि मधोमध माझ्या तळहाताचा पूर्ण ठसा, रेषांसकट, गंजात उमटलेला. घामाचा हात टेकला आणि वरून कूलरची ओली हवा. बारीक एमरी आणि तेलाने निघाला, पण तर्जनीची खूण अजून दिसते. तेव्हापासून कूलर पडवीबाहेर, टेबलावर ६८ नंबरच्या तेलाचा हात आणि वर जुनी सुती साडी. प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतं.

उन्हाळ्यात मापांचंही एक बघा. मापं २० अंशांना धरलेली असतात. ४० अंशांच्या पडवीत १०० मिमीचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा साधारण ०.०४६ मिमीने वाढलेला असतो, आणि स्टीलचा व्हर्निअर त्याच्या निम्माच वाढतो. त्यात तुकडा नुकताच कटरखालून निघालेला असेल तर विचारूच नका. जिथे माप जुळवायचं तिथे मी जॉब रात्रभर ठेवतो आणि सकाळी सहाला मोजतो.

जुलैत डिजिटल रीडआउट, म्हणजे टेबल किती सरकलं ते आकड्यांत दाखवणारा डिस्प्ले, बसवला. हँडलचे फेरे मोजता मोजता फोन वाजला की मी फेरा विसरायचो, म्हणून. तीन स्वस्त कपॅसिटिव्ह मोजपट्ट्या, डिस्प्ले आणि ब्रॅकेटसाठी पट्टी मिळून ७,८००. मोटर सुरू झाली की आकडे नाचायचे, ते पट्ट्यांची आवरणं मशीनच्या बॉडीला जोडून अर्थिंग दिल्यावर थांबले. तोवर आर्द्रता आली आणि पावसाळी दिवशी पुन्हा आकडा उडायला लागला. पट्टीवर तेलाचा किंवा पाण्याचा थर चालत नाही, हे या जातीच्या पट्ट्यांचं दुखणं. वर रबराची झालर लावली, कामाआधी कोरड्या फडक्याने पुसतो. पैसे असतील तर मॅग्नेटिक पट्ट्याच घ्या.

ऑगस्टमध्ये सगळ्यात स्वस्त बदल केला आणि सगळ्यात जास्त सुख त्यानेच दिलं. मशीनचं डोकं तोलून धरणारी मूळ स्प्रिंग काढली आणि गाडीच्या डिकीचा गॅस शॉकर लावला, २०० न्यूटनचा, ५५० रुपये. आता हँडल सोडलं तरी डोकं जिथल्या तिथे थांबतं.

वहीतला एकूण आकडा: १,३५,६४०. यात माझ्या बोटांच्या पट्ट्या आणि चप्पल नाही.

स्टीम इंजिनचा सिलिंडर अजून अर्धवट आहे, कारण मधे तान्हा पोळा, म्हणजे पोरांनी लाकडी नंदी मिरवायचा सण, आला. लेकीचा लाकडी नंदी तीन वर्षांपासून एका बाजूला फरपटत चालायचा. गाडा लाकडाचा, दोन आसांची भोकं हाताने पाडलेली, तिरकी. या वेळी अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या एकावर एक क्लॅम्प केल्या आणि रीडआउटवर १२० मिमी अंतर धरून दोन्हींतून एकदमच भोकं पाडली. ३ सप्टेंबरला गल्लीत नंदी सरळ निघाला. वडील खुर्ची घेऊन फाटकाशी बसले होते. नंदी समोरून गेला तसे खाली वाकून चाकांकडे बघत म्हणाले, "मागचं उजवं थोडं हलते."

हलतं. वॉशर घालायचा राहिलाय.